वनस्पतींतील जस्तांगुली-प्रथिने : एक नियम आणि त्याची मर्यादा

एका प्राण्यावरील निरीक्षणाला सर्व जीवसृष्टीच्या नियमाचे स्वरूप किती सहज प्राप्त होते, हे जस्तांगुली-प्रथिनांच्या इतिहासावरून दिसून येते. १९८५ साली केंब्रिज येथे मिलर, मॅक्लाक्लन व ॲरन क्लुग यांना झेनोपस बेडकाच्या अंडपेशींतील एका प्रथिनात सुमारे ३० ॲमिनो आम्लांचा घटक ९ वेळा आलेला आढळला. प्रत्येक घटकातील दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन जस्ताचा एक अणू धरून ठेवतात आणि ती घडी बोटाप्रमाणे डीएनएला भिडते, असे अनुमान त्यांनी मांडले.

१९९१ साली पाव्हलेटिच व पॅबो यांनी उंदराच्या ‘झिफ-२६८’ या प्रथिनाची डीएनएसह स्फटिकरचना उलगडली. तीन बोटे डीएनएच्या रुंद खोबणीत एकामागून एक बसलेली असून प्रत्येक बोट मुख्यतः तीन आधारक-जोड्यांना स्पर्श करते, असे तीत दिसले. बोटे जोडीत जावे, म्हणजे लांब मजकूर वाचता येईल, अशी समजूत यातून दृढ झाली.

वनस्पतींनी मात्र हा मार्ग फारसा अनुसरलेला नाही. १९९२ साली हिरोशी ताकात्सुजी, नाम-हाय चुआ व सहकाऱ्यांनी पेटुनियातील अशा एका प्रथिनाचे वर्णन केले. या कुळातील प्रथिनांत बोटे थोडी असून त्यांमधील दुवे लांब व असमान असतात. शिवाय डीएनएला भिडणाऱ्या भागात ग्लुटामीन, ॲलानीन, ल्यूसीन, दोन ग्लायसीन व हिस्टिडीन हा क्रम बहुधा कायम राहतो. येथे एक कोडे उत्पन्न होते. वाचणारे बोट सर्वत्र जवळजवळ सारखेच असेल, तर निरनिराळी जनुके ओळखली जावीत कशी? १९९६ साली ताकात्सुजी व मात्सुमोतो यांनी याचे उत्तर सुचविले. बोटे ‘एजीटी’ हा लहानसा गाभा ओळखतात. पण अशा दोन गाभ्यांमधील अंतरालाही निर्णायक महत्त्व असते.

तथापि अंतराचे हे स्पष्टीकरणही सर्वत्र पुरे पडत नाही. ॲराबिडॉप्सिसच्या फुलात पुंकेसरांची मर्यादा राखणारे ‘सुपरमॅन’ हे जनुक १९९५ साली वर्णिले गेले. त्याच्या प्रथिनात बोट एकच आहे. तरीही ते विशिष्ट डीएनएला बांधले जाते आणि त्यासाठी बोटालगतच्या आम्लारिधर्मी भागांचे साहाय्य लागते, हे २००२ साली सिद्ध झाले.

२००४ साली ॲराबिडॉप्सिसमध्ये या प्रकारच्या १७६ प्रथिनांची गणना झाली. त्यांपैकी केवळ ३३ इतर दृश्यकेंद्रकी जीवांत जतन झालेली आढळली; उरलेली वनस्पतींचीच होत. जस्ताभोवतीची घडी हा प्राणी व वनस्पती यांचा समाईक वारसा आहे. परंतु त्या वारशाचा विनियोग दोन्ही शाखांनी आपापल्या परीने केला. म्हणून प्राण्यांच्या प्रथिनांवरून बांधलेले नियम वनस्पतींना लावण्यापूर्वी त्यांची स्वतंत्र परीक्षा होणे अगत्याचे ठरते.