गाजरगवतामुळे अंगावर उठणारे पुरळ: ओळख आणि उपाय

गाजरगवताची (काँग्रेस गवत) भारतातील पहिली नोंद 1955 मध्ये पुण्यात झाली. आज ते बांध, पडीक जमीन आणि रस्त्याकडेला सर्वत्र दिसते. पिकाच्या नुकसानीबरोबरच ते शेतात राबणाऱ्यांना त्वचारोगही देते. अंगावर पुरळ उठले की ते कशामुळे उठले हे आधी ओळखावे, कारण उपाय त्यावरच ठरतो.

पुरळ दोन प्रकारचे

*दाहामुळे:* चुना, सिमेंट, तीव्र कीडनाशक किंवा भेंडीची लव यांमुळे होते. पदार्थ पुरेसा लागल्यास कोणालाही त्रास होतो. जिथे लागला तिथेच, बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत आग होते. संपर्क थांबला की त्वचा हळूहळू बरी होते.

*अ‍ॅलर्जीमुळे:* गाजरगवतातील पार्थेनिन या घटकामुळे होते. सर्वांना होत नाही. अनेक वर्षे गवत हाताळूनही काही न झालेल्या व्यक्तीला अचानक त्रास सुरू होऊ शकतो. संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज व चट्टे उठतात. एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा कायम राहते आणि पुढे थोडा संपर्कही पुरतो.

लक्षणे

- पापण्या, चेहरा, मान, कोपराचा व गुडघ्याचा आतला भाग लाल होऊन खाजतो.
- गवताला हात न लावताही त्रास होतो, कारण वाळलेल्या गवताचे बारीक कण वाऱ्याने अंगावर येतात.
- त्रास जुना झाल्यास त्वचा जाड व काळसर होते.
- शेवंती, सूर्यफूल ही त्याच कुळातील पिके हाताळतानाही काहींना त्रास होतो.

काय करावे

- गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा व तोंडाला रुमाल बांधावा.
- अ‍ॅलर्जी असलेल्या व्यक्तीला हे काम देऊ नये.
- काम संपताच साबणाने अंग धुवावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.
- उपटलेले गवत जाळू नये. फुलोऱ्यापूर्वीचे गवत कंपोस्टसाठी वापरता येते.

काय टाळावे

पुरळावर लिंबू, चुना किंवा रॉकेल लावू नये. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले स्टिरॉइड मलम, विशेषतः चेहऱ्यावर, वापरू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून कारण निश्चित करता येते.

तातडीने दवाखान्यात केव्हा जावे

चेहरा सुजणे, श्वास लागणे किंवा पुरळातून पू येणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये. फवारणीनंतर पुरळासोबत उलटी, चक्कर, खूप घाम किंवा अंधुक दिसणे असल्यास विषबाधेची शक्यता असते. अशा वेळी औषधाचे लेबल सोबत न्यावे.

कृषी सहाय्यकांसाठी

शेतकऱ्याला तीन प्रश्न विचारा: पुरळ कामानंतर किती वेळाने उठले? अंगावर कुठे आहे? शेतापासून काही दिवस दूर राहिल्यावर कमी होते का? ही माहिती डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी पडते.