रंजका

रंजका : पिकलेल्या लाल ओल्या मिरच्या मीठ आणि लिंबाच्या रसात वाटून, बरणीत मुरवून केलेले तिखट तोंडीलावणे. मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात ते घरी करतात. दुकानात हॉट सॉस म्हणून जी बाटली मिळते, तिचे हे आपले रूप. तिखटाची आवड असणाऱ्याला घरी सॉस करायचा असेल, तर त्याने परक्या पाककृतीऐवजी रंजक्यापासून सुरुवात करावी. ठेचा आणि खर्डा त्याचे भाऊबंद असले, तरी ते ताजे खाण्याचे. रंजका मुरतो, म्हणून टिकतो.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारतात आली. त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. नव्या फळाला नावही मिऱ्यावरूनच मिळाले. तिची आग कॅप्सायसिन या द्रव्यामुळे होते. ते बियांत असते असा समज आहे, पण खरे घर म्हणजे बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो आतला पांढरा गर. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून झणका बसल्यावर पाण्याचा तांब्या रिकामा करून उपयोग होत नाही. दूध किंवा दही घ्यावे. ज्या चेतातंतूंना चटका कळतो त्यांनाच कॅप्सायसिन चेतवते. त्यांवरील ग्राही शोधल्याबद्दल शास्त्रज्ञ डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीला आपण 'जाळ' म्हणतो तो शरीराच्या दृष्टीने अगदी खरा आहे.

आता ही मिरची येते कुठून, ते पाहू. मराठवाड्यातील जालन्याची एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, प्रसिद्ध आहे ती लोखंडी सळ्यांसाठी, आणि शहर बियाण्यांसाठी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी इथेच काढली. पण या जिल्ह्याचा तिखटाचा मुलूख भोकरदन तालुक्यात आहे. तेथील पिंपळगाव रेणुकाईचा हिरव्या मिरचीचा बाजार मोठा. पावसाळ्यात तिथे मिरचीचे ढीग लागतात आणि गाड्या भरून माल परराज्यांत जातो, तोही बहुतांशी कच्चाच. तोडणी लांबली की झाडावरची मिरची लाल होते. हिरव्याच्या बाजारात तिला मान नाही, रंजक्याला मात्र तीच हवी. जोडीला याच जिल्ह्यातील दगडी ज्वारीची भाकरी असावी. या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कृती : लाल, टणक, डाग नसलेल्या एक किलो मिरच्या देठांसकट धुवाव्यात, कापडावर पसरून कोरड्या कराव्यात आणि मग देठ काढावेत. आधी देठ काढले तर पाणी आत शिरते. मिठात वाटून त्यात लिंबाचा रस, थोड्या तेलात तळून कुटलेली मेथी आणि हिंग घालतात. जुन्या हातांचे मीठ सढळ असते, कारण मीठ हेच त्यांचे टिकवण्याचे साधन. वाटताना हातांना तेल लावावे आणि मिक्सरचे झाकण तोंड बाजूला करून उघडावे. त्या पहिल्या वाफेने घरभर ठसका लागतो. भांडे चिनी मातीचे किंवा काचेचे घ्यावे. लोखंड आणि अॅल्युमिनियम या आंबट-खारट वाटणाला चालत नाही.

पातळ सॉस हवा असेल तर लिंबू बाजूला ठेवून मिरची आंबवावी. वाटलेल्या मिरचीत वजनाच्या सुमारे तीन टक्के, म्हणजे किलोला तीस ग्रॅम मीठ घालून बरणी तीन-चतुर्थांश भरावी आणि झाकण सैल ठेवावे. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, मिश्रण फुगते. मिरचीवरच्याच जिवाणूंनी लॅक्टिक आम्ल तयार करायला घेतलेले असते. रोज स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळून वर आलेला चोथा खाली दाबावा. जालन्याच्या उन्हाळ्यात हे काम फार घाईने होते आणि चव बिघडते. हिवाळ्यातले दोन आठवडे उत्तम. नंतर व्हिनेगर घालून पुन्हा वाटावे, गाळावे, एक उकळी आणून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत भरावे. लुइझियानातील टबॅस्को हा सॉस १८६८ पासून याच तत्त्वावर होतो. तिथे मीठ घातलेली मिरची लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरते.

सॉस टिकतो तो तिखटपणामुळे नव्हे, आंबटपणामुळे. सामू (pH) ४.६ च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बोट्युलिझम या घातक विषबाधेच्या जिवाणूला वाव मिळतो. घरी तो ४ च्या खाली ठेवावा आणि सामूपट्टीने तपासावा. लसूण-मिरचीचा ठेचा नुसत्या तेलाखाली बुडवून फ्रीजबाहेर ठेवण्याची पद्धत याच कारणाने धोक्याची आहे; तेल हवा अडवते, आंबटपणा देत नाही. सॉस विकायचा असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी घ्यावी लागते.

आंबवताना वर आलेला पातळ पांढरा पापुद्रा बहुधा यीस्टचा असतो, तो काढून टाकता येतो. लवदार हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुजका वास आला, तर चव न घेता सगळी बरणी फेकून द्यावी.