शेवटची शर्यत जिंकूनही दत्तू भोकनळ ऑलिंपिकमध्ये १३वा कसा?

ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमधली आपली शेवटची शर्यत नाशिक जिल्ह्याच्या दत्तू भोकनळने जिंकली. तरीही निकालात त्याचा क्रमांक लागला १३वा. पहिला आलेला खेळाडू तेरावा कसा? याचं उत्तर रोइंगच्या नियमांत आहे.

सिंगल स्कल्स म्हणजे काय?

एक नाव, एक खेळाडू, दोन वल्ही आणि २००० मीटर अंतर. सुमारे आठ मीटर लांबीच्या या अरुंद नावेचं वजन किमान १४ किलो असावं लागतं. खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो आणि सरकत्या आसनावर पायांनी रेटा देत वल्ही ओढतो. थकल्यावर भार उचलायला दुसरं कोणी नसतं.

रिओमध्ये काय झालं?

३२ स्पर्धक होते. प्राथमिक फेरीत दत्तू तिसरा आला आणि २४ जणांच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे प्रत्येक शर्यतीतले पहिले तीन पदकाच्या शर्यतीत राहणार होते. दत्तू चौथा आला.

पण रोइंगमध्ये हरलेल्याला लगेच घरी पाठवत नाहीत. क्रमांक ठरवण्यासाठी ए, बी, सी अशा अनेक फायनल होतात. ए फायनलमधून १ ते ६, बीमधून ७ ते १२ आणि सीमधून १३ ते १८ क्रमांक ठरतात. दत्तूने सी फायनल ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली. म्हणजेच तेव्हा शक्य असलेला सर्वोत्तम क्रमांक त्याने मिळवला.

मग वेळेवरून क्रमांक का ठरवत नाहीत?

कारण वारा आणि पाणी रोज बदलतं. प्राथमिक फेरीत याच दत्तूला ७ मिनिटं २१.६७ सेकंद लागले होते. म्हणून वेळेपेक्षा सोबतच्या नावांच्या पुढे राहणं महत्त्वाचं. सुवर्णपदकासाठी तर न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा डामिर मार्टिन या दोघांची वेळ सारखीच नोंदली गेली, ६:४१.३४. फोटो पाहून ड्रायस्डेलला विजेता ठरवण्यात आलं.

विहिरीपासून नावेपर्यंत

दत्तू चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. हा दुष्काळी पट्टा. वडिलांसोबत तो विहिरी खोदायचा. २०११ मध्ये वडील गेले, २०१२ मध्ये तो लष्करात भरती झाला. रोइंगशी त्याची ओळख पुण्यात झाली, तीही लष्करात आल्यावरच. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. २०१५ मध्ये त्याने आशियाई रोइंग स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या पात्रता स्पर्धेत पुन्हा रौप्य जिंकून त्याने रिओचं तिकीट मिळवलं. तिथे रोइंगमध्ये तो एकटाच भारतीय होता.

१३वा क्रमांक किती मोठा?

याच प्रकारात बजरंगलाल ताखर २००८ मध्ये २१वा, स्वर्णसिंग २०१२ मध्ये १६वा, तर बलराज पंवार २०२४ मध्ये २३वा आला. म्हणजे दत्तूचा १३वा क्रमांक पॅरिसनंतरही भारतासाठी सर्वोत्तमच आहे.

पदकाचं काय?

ते २०१८ च्या आशियाई खेळांत मिळालं. आजारी असल्याने एकेरीच्या फायनलमध्ये दत्तू शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी स्वर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासोबत त्याने क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला.