हरणाची गोळी कोणी निवडली?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सरकारी कामानिमित्त माझे दोनदा जाणे झाले. दुसऱ्या खेपेस वेदारण्यमच्या मिठागरांपलीकडे, कोडियक्करैच्या गवताळ पट्ट्यात काळविटांचा कळप पाहिला. 1967 साली येथे अभयारण्य झाले तेव्हा हा भाग तंजावर जिल्ह्यात होता. 1991 पासून तो नागपट्टिणम जिल्ह्यात आहे. (प्राणिशास्त्र काळविटाला हरणांत न धरता कुरंगांत धरते, पण मराठी माणूस त्याला हरीणच म्हणत आला आहे, मीही तेच म्हणेन.) पूर्ण वाढीचा नर साधारण 35-40 किलोंचा. त्याच्याकडे पाहताना माझ्यातल्या कारकुनाला एक प्रश्न पडला. एवढ्याशा जनावरासाठी कोणते काडतूस योग्य, हे आपल्याकडे कधी कोणी ठरवले होते काय?

शिकाऱ्यांचे उत्तर सरळ आहे. हलकी, वेगवान आणि शरीरात शिरताच पसरणारी गोळी हवी. अशी गोळी आपली सर्व शक्ती आत खर्च करते आणि जनावर जागीच पडते. कठीण कवचाची जड गोळी आरपार निघून जाते. जखमी हरीण पळते आणि कुठेतरी झुडपात तासन् तास तडफडून मरते. पसरणाऱ्या गोळीचे सर्वांत कुप्रसिद्ध रूप आपल्याच भूमीवरचे, कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारातले. 1899 च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या निषिद्ध ठरवल्या. माणसावर झाडण्यास जी क्रूर ठरली, तिचाच गुण हरणाच्या बाबतीत दया ठरतो. इंग्लंडच्या 1991 च्या हरीणविषयक कायद्यात मऊ किंवा पोकळ टोकाची गोळी सक्तीची आहे. जर्मनीत लहान हरणासाठी शंभर मीटरवर किमान 1000 ज्यूल ऊर्जा मागितली जाते, इतर खुरवाल्या मोठ्या शिकारीसाठी 2000. परदेशस्थ वाचकांपैकी कोणी तेथे शिकारीचा परवाना काढला असेल, तर त्यांना हे पाठ असेल.

आपल्याकडे गोळीची निवड वेगळ्याच टेबलावर झाली.

तंजावरचेच पाहा. 1799 च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसावाचून निवर्तले आणि कंपनीने गादी खालसा करून राजवाड्यातील सार्वजनिक व खाजगी सगळ्याच मालमत्तेवर ताबा घेतला. राणी कामाक्षीअंबाबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या न्यायालयाने त्यांची बाजू उचलली, पण 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, त्यावर न्यायालयास अधिकार नाही, असे ठरवले. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. शस्त्रागाराचे काय झाले, हे मात्र थोडेच वाचतात. पिढ्यान् पिढ्या जमवलेली ती शस्त्रे मद्रासला नेण्यात आली. संग्रहालयासाठी काही निवडली गेली आणि पुष्कळशी मोडून भंगाराच्या भावाने गेली. तमिळमधला ‘तुप्पाक्कि’ आणि आपला ‘तुपाक’ हे एकाच तुर्की शब्दाचे वंशज. तंजावरात दोन्ही भाषांतली ही वस्तू एकाच फटक्यात नाहीशी झाली.

1878 च्या शस्त्र कायद्याने हेच देशभर केले. यानंतर बंदुकीबाबत सरकारचा प्रश्न एकच राहिला : हिचे काडतूस आमच्या फौजेच्या बंदुकीत चालेल काय? लष्कराची .303 म्हणूनच सामान्य नागरिकास वर्ज्य झाली. 1907 मध्ये .450 व्यासाच्या काडतुसांची आयात बंद झाली, कारण तशाच व्यासाच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती असण्याची भीती होती. विलायतेतल्या बंदूककारांनी लगोलग .465, .470 असे नवे व्यास काढले. मोठ्या शिकारीची म्हणून गाजलेली ही काडतुसे जन्मास आली ती एका निषेधपत्रकामुळे! नागरिकांसाठी उरली ती .315, ऑस्ट्रियाच्या जुन्या लष्करी काडतुसाची वंशज. ईशापूरच्या कारखान्याने तीच चालवली. तिची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमला किंचित कमी. पाश्चात्य शिकारी लहान हरणासाठी .243 सारख्या बंदुकीत याच्या निम्म्याहूनही हलकी गोळी घालतो.

स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यानेही हा दृष्टिकोन फारसा सोडला नाही. पीकरक्षणासाठी त्यातील तेराव्या कलमाने पुढे केली ती ठासणीची बंदूक. आटे नसलेली नळी, तोंडातून भरलेली दारू आणि छर्रे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर काडतुसाचा खर्च शेतकऱ्याचा आणि चुकलेल्या नेमाचा खर्च जनावराचा. हा दुसरा खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

ओरत्तनाडूजवळच्या एका खेड्यात तंजावरी मराठी घराण्यातील वृद्ध शेतकऱ्याकडे अशी एक बंदूक पाहिली. वडिलांच्या नावचा परवाना, पुढे त्यांच्या नावे झालेला. काका म्हणाले, “साहेब, एकदा रानडुकराला लागली. तीन दिवसांनी कालव्यात सापडलं. वास आला म्हणून कळलं.” त्यानंतर त्यांनी ती केवळ आवाज करण्यापुरती वापरली.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ मसुद्यात मोठ्या शिकारीसाठी रायफलच हवी, छर्ऱ्याची बंदूक वापरायची तर विशेष परवानगी आणि एकच सलग गोळी, असे सतराव्या कलमात होते. हरणाच्या यातनेचा विचार आपल्या कायद्यात शिरला तो बहुधा या एका उपकलमातून. 1991 च्या दुरुस्तीने शिकारच बंद केली आणि ते कलमही गेले. शिकार बंद झाली याचा मला आनंदच आहे. पण सरकारच्या परवानगीने जनावरे मारणे चालूच राहिले. 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात नीलगायींसाठी बाहेरून नेमबाज आणले गेले. 2025 च्या जानेवारीत तामिळनाडूने राखीव वनापासून तीन किलोमीटरपलीकडच्या रानडुकरांना वनकर्मचाऱ्यांनी मारण्यास अनुमती दिली. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकाच्या नुकसानीसाठी त्याला हात लावता येत नाही, हे त्याचे भाग्य.

अकराव्या कलमात परवानगी लेखी हवी, कारणे नमूद हवीत, असे आहे. गोळीविषयी एक शब्द नाही. असा आदेश माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यात तीन ओळी वाढवल्या असत्या : पसरणारी गोळी, ठरावीक अंतराच्या आतच नेम, आणि जखमी जनावराचा माग काढल्याशिवाय पथकाने परतायचे नाही.

काकांची बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर परत येते. मी गेलो तेव्हा ती नुकतीच परत आली होती. नळीच्या तोंडाशी पोलिसांची चिठ्ठी अजून दोऱ्याने बांधलेली होती.