संप मिटला का?

आमच्या घरात 'संप' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बाबांनी केला तो संप, आणि मी करतो ती सुट्टी. हे वर्गीकरण सौ.चे. २०२१ च्या डिसेंबरात खाजगीकरणाविरुद्ध बँकांचा दोन दिवस संप झाला, तेव्हा पहिल्याच सकाळी तिने माझ्यापुढे गव्हाचा डबा आदळला. "घरीच आहात ना? मग दळण टाकून या." पगार कापून घेऊन वर हमाली करण्यापेक्षा ग्रंथालय बरे, असा विचार करून मी डबा गिरणीत ठेवला आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली काढून बसलो. शोधायचा शब्द एकच: संप.

मी बी.कॉम. माणूस. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच तुटला. पण गुजरातीत संप म्हणजे एकोपा, एवढे मला ठाऊक आहे. शेजारचे गुजराती काका एकदा "घरमां संप जोईए" म्हणाले, तेव्हा बाबा भलतेच खूश झाले होते. मराठीत मात्र एकी झाली की काम बंद पडते!

वर्तमानपत्रांनी या शब्दाला क्रियापदेही मजेदार दिली आहेत. संप 'पुकारतात', मग तो 'चिघळतो' आणि कधी 'फुटतो'. म्हणजे गळवाची आणि संपाची भाषा एकच. फरक इतकाच की, गळू फुटले की ज्याचे दुखते त्याला बरे वाटते; संप फुटला की मालकाला.

१९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस! हा हिशेब कोणाही बँकवाल्याला पटावा. १९२८ चा गिरणी संप सुमारे सहा महिने चालला. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला तो १९३३ पासून १९३९ पर्यंत. सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. इथे मी माझा दोन दिवसांचा संप हळूच खिशात घातला. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, वीस दिवसांत मागे घेतला गेला. १९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा सुरू झाला, तो चोपन्न दिवस चालला. सुरुवात आहे, शेवट आहे. जमा-नावे जुळते आहे.

मग १९८२ ची फाईल उघडली.

१८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले एक आमचे बाबा. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. मी दोन वर्षांचा होतो. आईने चाळीतल्या बिऱ्हाडांच्या पोळ्या लाटून घर चालवले. बाबा गावी जात, परत येत, गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन उभे राहत.

फायलीत तो शब्द आधी पहिल्या पानावर ठळक होता. मग आतल्या पानावर सरकला. पुढे एका कॉलमात, बाजारभावांच्या शेजारी. मी पाने उलटत राहिलो, कारण मला 'मिटला' हे क्रियापद हवे होते. ते काही सापडेना. सापडणार कसे? तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. काही जण कामावर गेले, पुष्कळांना कोणी घेतले नाही, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि बातम्याही.

बँकेत अशा खात्याची आम्ही नीट सोय करतो. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसाने कागद आणले की परतही मिळते. बाबांच्या खात्याचे कागद कोणत्या खिडकीवर द्यायचे? कोणी विचारले की ते शेवटपर्यंत म्हणायचे, "आमचा संप चालू आहे." आम्ही हसायचो. फायलीत पाहिले तर तांत्रिकदृष्ट्या म्हाताऱ्याचेच बरोबर होते.

घरी पोचायला रात्र झाली. सौ. दारातच. "दळण कुठाय?"

"गिरणी बंद झाली."

आतून आईचा आवाज आला, "कधी रे?"

"आत्ता, आठ वाजता," मी म्हणालो. "सकाळी उघडेल, आई."