विमानातला पोपट

विमान निघण्याआधी वैमानिकाला रेडिओवरून चार आकडे मिळतात. ‘स्क्वॉक टू थ्री फाइव्ह वन.’ तो ते परत म्हणून दाखवतो, समोरच्या डबीत भरतो, आणि रडारच्या पडद्यावर त्याची ओळख पटते. या आकड्यांत आठ किंवा नऊ कधी येत नाही. शून्य ते सात, बस्स. म्हणजे एकूण 4096 नंबर. तेच साऱ्या जगाने आलटूनपालटून वापरायचे. ‘स्क्वॉक’चा अर्थ शब्दकोशात पाहिला, तर सापडतो पक्ष्याचा कर्कश ओरडा.

हा पक्षी म्हणजे पोपट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारवाल्यांपुढे पेच होता: पडद्यावर ठिपका दिसतो, पण तो आपला की जर्मनांचा? त्यासाठी आपल्या विमानांत एक यंत्र बसवलं गेलं. जमिनीवरून लहर आली की ते ठरलेलं उत्तर देई. विचारलं तरच बोलायचं आणि पढवलं तेवढंच बोलायचं, त्यामुळे त्याचं सांकेतिक नाव ‘पॅरट’ पडलं यात नवल नाही. यंत्र बंद करायचं असेल तर ‘पोपटाचा गळा आवळा’ असा हुकूम जाई. युद्धानंतर पोपट प्रवासी विमानांत आला आणि त्याला ट्रान्सपाँडर हे भारदस्त नाव मिळालं. ओरडणं मात्र जुनंच राहिलं. पुढे तो नंबरासोबत उंचीही सांगायला शिकला.

तोवर अमेरिकेत 30 जून 1956 उजाडला होता. ग्रँड कॅन्यनवर 21,000 फुटांवर दोन प्रवासी विमानं एकमेकांवर आदळली आणि 128 माणसं गेली. त्या भागावर रडारची नजरच नव्हती. त्याच सुमारास बेंडिक्स कंपनीतल्या जॉन मोरेल यांनी एक साधा भागाकार मांडला. दोन विमानांमधलं अंतर मोजून भागत नाही. त्या अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागा. उत्तर सेकंदांत येतं, आणि धोका सेकंदांतच असतो. प्रत्येकी ताशी 900 किलोमीटरने समोरासमोर येणारी विमानं दर सेकंदाला अर्धा किलोमीटर जवळ येतात. दहा किलोमीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात हातात वीस सेकंद असतात. माझ्या मते टक्कर टाळणाऱ्या यंत्रांच्या कुळाचा मूळपुरुष कोणतंही यंत्र नसून हा भागाकार आहे.

भागाकार हाती होता, पण दुसऱ्या विमानाचं अंतर कळायचं कसं? बरीच वर्षं नाना खटपटी झाल्या. शेवटी जी युक्ती टिकली ती घरचीच होती: विमानाविमानांत पोपट बसलाच आहे, मग जमिनीवरच्या रडारने विचारण्याची वाट कशाला पाहायची? एका विमानाने दुसऱ्याच्या पोपटाला थेट विचारावं. उत्तर यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं, उंची तर तो स्वतःच सांगतो. ही टीकॅस नावाची पेटी. ती फक्त वर किंवा खाली जायला सांगते, कारण दुसरं विमान नेमकं कोणत्या दिशेला आहे हे तिला तितकं अचूक कळत नाही.

उंची सांगता न येणारा पोपट किती महागात पडतो, ते 31 ऑगस्ट 1986 रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे दिसलं. एक छोटं पायपर विमान नको त्या हद्दीत शिरलं होतं. त्यात ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. ते एका डीसी-9 ला धडकलं. जमिनीवरच्या पंधरा जणांसह 82 जण गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मोठ्या प्रवासी विमानांना ही पेटी सक्तीची केली.

आपल्याकडे ती यायला चरखी दादरीची टक्कर घडावी लागली. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीच्या नियंत्रकासमोर विमानांची उंची दाखवणारं रडारच नव्हतं. ठिपका दिसे, उंची वैमानिक सांगेल तीच खरी धरायची. कझाकस्तानचं विमान 15,000 फुटांवर थांबायचं होतं, ते आणखी खाली उतरलं. समोरून 14,000 वर सौदीचं जम्बो येत होतं. 349 बळी गेले. त्यानंतर ही पेटी भारतातही सक्तीची झाली.

यापुढचा प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता: पेटी एक सांगते आणि माणूस दुसरं, तर ऐकायचं कुणाचं? 1 जुलै 2002 च्या रात्री झुरिकला एकच नियंत्रक कामावर होता. दुसरा विश्रांतीला गेला होता. तिथली ती रोजची वहिवाट. दुरुस्तीमुळे रडार अर्धवट चालू, फोन बंद. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसत होता, पण फोन लागेना. हा एकटा माणूस दोन पडद्यांमध्ये येरझाऱ्या घालत, उशिरा उतरणाऱ्या एका एअरबसच्या मागे होता. मान वर केली तेव्हा दोन विमानं 36,000 फुटांवर एकाच बिंदूकडे निघाली होती. त्याने रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. त्या विमानातली पेटी लगेच म्हणाली, वर जा. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाने पेटीचं ऐकलं आणि तेही खाली निघालं. युबरलिंगन गावावर 71 जण गेले. त्यात उफा शहरातली शाळकरी मुलं बरीच होती. दोन्ही पेट्यांनी आपसांत बोलून वाटणी बरोबर केली होती: तू वर, मी खाली.

दीड वर्ष आधी जपानवर अगदी असंच होता होता राहिलं होतं, तरी जगाला नियम साफ शब्दांत लिहायला युबरलिंगन लागलं. आता पेटीने हुकूम दिला की तोच पाळायचा. वैमानिक रेडिओवर एवढंच म्हणतो, ‘टीकॅस आरए’, म्हणजे पेटीचा हुकूम आला. त्या क्षणापासून नियंत्रकाने त्या विमानाला वर-खाली-डावं-उजवं काहीही सांगायचं नाही. समोर ठिपके एकमेकांवर चढत असले, तरी त्याच्या वाट्याला एकच शब्द येतो: ‘रॉजर’.