पांढऱ्या छटांचा मनी प्लांट हिरवा का होतो? नामपूरच्या हवेत त्याला कसं जपायचं?

नर्सरीतून आणला तेव्हा पानांवर दूध सांडल्यासारखी नक्षी होती. सहा महिन्यांत नवी पानं साधी हिरवी यायला लागली. ‘मार्बल क्वीन’ किंवा ‘एन-जॉय’ जातीचा मनी प्लांट घेणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. साध्या मनी प्लांटपेक्षा जास्त पैसे मोजलेले असतात, त्यामुळे फसवणूक झाल्यासारखंही वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं : उजेड कमी पडतो आणि कात्री चालवली जात नाही.

पांढरा रंग म्हणजे नेमकं काय?

पानातल्या हरितद्रव्याच्या जोरावर रोप उजेडातून अन्न तयार करतं. पांढऱ्या भागात हे हरितद्रव्य जवळजवळ नसतं. म्हणजे तो भाग खाणारा, पण कमावणारा नाही. पान जितकं पांढरं, तितकी रोपाची वाढ सावकाश. उजेड कमी पडला की नवी पानं जास्त हिरवी येतात. एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती झपाट्याने वाढते आणि नक्षीदार फांद्यांना मागे टाकते.

कुठली काडी लावता, त्यावर सगळं ठरतं

मनी प्लांटचं मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरचं. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. हा वेल जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक त्याला पुरेसं तयार करता येत नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळे घराघरांतला मनी प्लांट कुठल्या तरी जुन्या वेलाच्या काडीपासूनच आलेला असतो. नवी जातही बहुतेकदा अचानक वेगळ्या दिसलेल्या रोपातून मिळते. जगभर विकली जाणारी एन-जॉय मुंबईत मार्बल क्वीनच्या रोपांमध्ये अशीच सापडली.

म्हणून शेजारून काडी आणताना हिरवा-पांढरा समतोल असलेली निवडा. काडीवर पेर हवंच, नुसतं पान लावून वेल फुटत नाही. पूर्ण पांढरी फांदी मोहात पाडते, पण वेगळी लावली तर ती स्वतःचं पोट भरू शकत नाही आणि मरते. हिरवी फांदी दिसली की शेवटच्या चांगल्या नक्षीदार पानाच्या जरा वर कापा. त्या पानाजवळच्या डोळ्यातून नक्षीदार फूट येण्याची शक्यता जास्त.

उजेड : भरपूर, पण दुपारचं ऊन नको

पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची खिडकी असेल तर पातळ पडदा लावा. पांढरा भाग उन्हाने आधी करपतो आणि करपलेलं पान पुन्हा नीट होत नाही. खोलीच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी ठेवलेला वेल जगेल, पण नक्षी फिकी होत जाईल.

उन्हाळा आणि थंडी

मोसम खोऱ्यातली हवा या वेलाच्या मूळ बेटासारखी दमट नाही. शेजारच्या मालेगावात उन्हाळ्यात पारा अनेकदा ४२-४३ अंशांवर जातो. एप्रिल-मेमध्ये कुंडी गच्चीवरून आणि पत्र्याच्या शेडखालून आत घ्या. कूलरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका. तीन-चार कुंड्या जवळ ठेवल्या तर आसपासची हवा थोडी ओलसर राहते. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास आला की रात्री कुंडी घरात हवी. या काळात वाढ थांबते, तेव्हा खतही थांबवा.

माती आणि पाणी

शेतातली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. माती, कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू समान घ्या. कुंडीला खाली छिद्र हवं.

पाण्याचा वार ठरवू नका, बोट घालून बघा. वरची इंचभर माती कोरडी झाली की भरपूर पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. माती ओली असताना खालची पानं पिवळी पडत असतील तर पाणी जास्त होतंय. पांढऱ्या कडा तपकिरी होत असतील तर कोरडी हवा, ऊन किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार ही कारणं तपासा. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच वापरा.

बाटलीत वेल ठेवत असाल तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदला आणि बाटली आतून घासून धुवा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

वर चढवा, पानं मोठी होतील

लोंबकळणाऱ्या वेलाची पानं लहान राहतात. काथ्या गुंडाळलेल्या दांड्यावर चढवला आणि काथ्या ओलसर ठेवला, तर पानं मोठी होत जातात. मोठ्या झाडावर चढलेल्या मनी प्लांटची पानं सुपाएवढी झालेली दिसतात, ती याच कारणाने.

कीड दिसली तर शेतातलं औषध नको

डाळिंब लावणाऱ्यांना पिठ्या ढेकूण नव्याने सांगायला नको. तोच पेरांमध्ये कापसासारखा दिसतो. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळीही येतो. ओल्या कापडाने पानं पुसा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. बागेसाठी आणलेलं उरलेलं कीटकनाशक मात्र घरात फवारू नका. बंद खोलीत त्याचा त्रास रोपापेक्षा माणसांना जास्त होतो.

घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा आहे?

मनी प्लांट अळूच्याच कुळातला. कच्च्या अळूने घसा खवखवतो, तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानांतही असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. तोंड धुवा, पाणी पाजा. सूज आली किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कुंडी उंचावर ठेवणं.

थोडक्यात

- हिरवी झालेली जुनी पानं पुन्हा पांढरी होत नाहीत, बदल नव्या पानांत दिसतो.
- आधी कुंडी उजेडात हलवा, मग हिरव्या फांद्या छाटा.
- फुटव्यासाठी पावसाळ्याची सुरुवात चांगली, कापलेल्या काड्याही तेव्हा लवकर रुजतात.